पासकोड विसरलेला टॅब उघडताना

टॅब पासकोड स्वीकारत नाही असे दिसले की बहुतेक माणसे तो एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहतात. सेट टॉप बॉक्सपासून गीझरपर्यंत सगळ्यांवर चालणारा हा घरगुती इलाज येथे मात्र अंगाशी येतो. कुलूपबंद झालेला आयपॅड रीस्टार्ट केला की तो घरातल्या ओळखीच्या वायफायलाही जोडला जात नाही, कारण वायफायचे पासवर्ड त्याच पासकोडच्या आड ठेवलेले असतात. शिवाय बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून उघडण्याची सोय रीस्टार्टनंतर एकदा पासकोड दिल्याशिवाय चालत नाही, आणि हे अँड्रॉइड टॅबलाही लागू आहे. म्हणजे बाहेर पडण्याच्या दोन वाटा आपण आपल्याच हाताने बुजवतो.

हे मला चूक करूनच कळले. आईचा आयपॅड अडकला तेव्हा मी तो दोनदा बंद-चालू केला, त्यामुळे पडद्यावर आलेला साधा उपाय इंटरनेटअभावी निरुपयोगी झाला, आणि शेवटी जुलैच्या पावसात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला आयपॅड घेऊन मला परळहून मुलुंडला भावाकडे जावे लागले, कारण संगणक त्याच्याकडे होता. घरात बसून होण्यासारखे काम रात्रीच्या जेवणापर्यंत चालले. तेव्हापासून आमच्या इमारतीत कोणाचा टॅब अडकला की तो माझ्याकडे येतो, आणि मी प्रत्येकाला तोच पहिला प्रश्न विचारते: बंद-चालू केलात का?

हवे काय आहे, टॅब की आतला मजकूर?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी वाट त्याच्या उत्तरावर ठरते. लोखंडी कपाटाची किल्ली हरवली तर किल्लीवाला येतो, कपाट उघडतो आणि आतल्या साड्या, कागद, दागिने जागच्या जागी सापडतात. टॅबचे तसे नाही. टॅबमधील छायाचित्रे, नोंदी, संदेश हे सगळे सांकेतिक रूपात साठवलेले असते आणि ते वाचनीय करणारी किल्ली दोन गोष्टी मिळून तयार होते: आपण टाकलेला पासकोड आणि त्या यंत्राच्या चिपमध्येच कोरलेला एक गुप्त आकडा. आयपॅडमध्ये हे काम सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा स्वतंत्र भाग करतो. चिपमधला आकडा बाहेर काढता येत नाही, म्हणून पासकोडचे अंदाज दुसऱ्या वेगवान संगणकावर भराभर लावून पाहता येत नाहीत, ते त्याच यंत्रावर आणि तेही मुद्दाम संथ केलेल्या गतीनेच लावावे लागतात. अँड्रॉइडमध्ये २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या उपकरणांना असे सांकेतिकीकरण सक्तीचे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पासकोड खरोखरच आठवत नसेल तर टॅब जवळजवळ नेहमी परत वापरता येतो, पण आतला मजकूर पुसूनच. पुसल्यानंतर काय परत मिळेल हे बॅकअप आधी झाला होता की नाही यावर अवलंबून असते. म्हणून टॅब पुसण्यास हात लावण्यापूर्वी, घरातल्या दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून, टॅबवर असलेल्याच ॲपल किंवा गूगल खात्याने आत जाऊन, छायाचित्रे आयक्लाउडवर किंवा गूगल फोटोजमध्ये आहेत का, संपर्क आहेत का, नोंदी आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. व्हॉट्सॲपची काळजी बहुतेकांना सर्वांत आधी वाटते, परंतु टॅबवरचे व्हॉट्सॲप सहसा फोनच्या खात्याला जोडलेले असते आणि गप्पा फोनमध्ये असतात. टॅब पुसला तरी त्या जात नाहीत. सर्व काही ठीक दिसले तर पुसण्याचे भय उरत नाही. नातवंडाचे व्हिडिओ फक्त टॅबवरच आहेत असे कळले तर मात्र पुसण्याची घाई करू नये आणि पासकोड आठवण्यासाठी एक-दोन दिवस खर्च करावेत.

घाईने अंक दाबण्यापूर्वी

चुकीचे प्रयत्न मोजले जातात. आयपॅडवर काही चुका झाल्या की पडदा एक मिनिटासाठी अडतो, मग पाच मिनिटे, पंधरा मिनिटे आणि पुढे तासभर. 'इरेज डेटा' ही सोय कोणी चालू करून ठेवली असेल तर दहाव्या चुकीनंतर सगळा मजकूर आपोआप पुसला जातो. अँड्रॉइड टॅब सुरुवातीला अर्ध्या मिनिटासाठी थांबवतात आणि नंतर ती मुदत वाढवतात. म्हणून रागाने जन्मतारखा, फ्लॅटचा क्रमांक, लग्नाचे वर्ष अशी सरबत्ती करू नये. एक कागद घ्यावा, आतापर्यंत टाकून पाहिलेले अंक त्यावर लिहावेत, आणि पुढचा प्रयत्न विचार करूनच करावा.

आठवण्याचीही एक रीत आहे. अंक डोक्यापेक्षा बोटाच्या लक्षात जास्त राहतात. टॅब ज्या खुर्चीत, ज्या हाताने, ज्या वेळी उघडण्याची सवय आहे तेथेच बसावे, तो आडवा धरण्याची सवय असेल तर आडवाच धरावा, आणि अंकांचा विचार न करता बोटाला जाऊ द्यावे. टॅबच्या पडद्यावर अंगठ्याऐवजी तर्जनी वापरली जाते, त्यामुळे फोनवर सराव करून पाहिल्याचा उपयोग होत नाही.

पडद्यावर काय दिसते तेही नीट पाहावे. शेजारच्या काकू दिवाळीनंतर आयपॅड घेऊन आल्या. "अगं, माझं बोट बरोबर जागी जातंय, तरी हा म्हणतो चूक," अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा पासकोड चार अंकी, आणि पडद्यावर रिकामी वर्तुळे दिसत होती सहा. त्या विसरल्या नव्हत्याच. आदल्या दिवशी डोंबिवलीला परत गेलेल्या नातवाने, आजीचा पासकोड फार सोपा आहे म्हणून, तो बदलला होता आणि सांगायचे राहून गेले होते. आयपॅडओएसच्या, म्हणजे आयपॅड चालवणाऱ्या प्रणालीच्या, १७ व्या आवृत्तीपासून अशा वेळेसाठी एक चांगली सोय आहे. चुकीच्या प्रयत्नांनंतर खाली उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या 'फरगॉट पासकोड' या शब्दांवर टेकवले की 'एंटर प्रीव्हियस पासकोड' असा पर्याय दिसतो. पासकोड बदलून ७२ तास झाले नसतील तर जुना पासकोड तेथे चालतो आणि लगेच नवा ठरवता येतो. मजकुराला धक्काही लागत नाही. काकूंनी आपले चार अंक दाबले आणि आयपॅड उघडला. नातवाला फोन त्यानंतर लावला गेला, आणि तो बराच वेळ चालला.

तेव्हा वर्तुळे मोजावीत, ती चार आहेत की सहा. अंकांऐवजी अक्षरांचा पूर्ण कीबोर्ड येत असेल तर कोणीतरी शब्दाचा पासकोड ठेवला आहे असे समजावे. आणि घरातल्या ज्या ज्या माणसाने गेल्या तीन दिवसांत टॅबला हात लावला त्या प्रत्येकाला विचारावे.

आणखी एक सुदैवी शक्यता म्हणजे पासकोड आठवत नाही, पण बोटाने किंवा चेहऱ्याने टॅब अजून उघडतो आहे. ही सवलत तात्पुरती असते, कारण रीस्टार्ट झाला, ४८ तास टॅब उघडला गेला नाही किंवा ठसा पाच वेळा जुळला नाही, तर आयपॅड पासकोडच मागतो. बोटाने उघडलेल्या टॅबवर पासकोड बदलता येत नाही, त्यासाठी जुना पासकोड लागतोच. परंतु तो उघडा असताना सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली आयक्लाउडमध्ये जाऊन 'बॅक अप नाउ' करता येते, छायाचित्रे दुसऱ्या फोनवर पाठवता येतात, महत्त्वाच्या नोंदी स्वतःला ईमेल करता येतात. हे सगळे त्याच बैठकीत उरकावे, चार्जर लावून ठेवावा आणि बॅटरी संपू देऊ नये.

आयपॅड असेल तर

वरीलपैकी काहीच लागू पडले नाही, आणि पुसण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरले, की आयपॅडवर सर्वांत सोपी वाट लॉक स्क्रीनवरच असते. आयपॅडओएस १५.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल आणि टॅब वायफायला किंवा मोबाइल डेटाला जोडलेला असेल, तर पुरेशा चुकांनंतर 'सिक्युरिटी लॉकआउट' किंवा 'आयपॅड अनअव्हेलेबल' असा मजकूर येतो आणि त्याखाली 'इरेज आयपॅड' किंवा 'फरगॉट पासकोड' असा पर्याय दिसतो. तो निवडावा, ॲपल अकाउंटचा पासवर्ड द्यावा, आणि आयपॅड स्वतःला पुसून नव्यासारखा सुरू होतो. येथेच रीस्टार्ट न करण्याचा सल्ला कामी येतो. वायफाय ज्या राउटरचे आहे तोही या काळात बंद करू नये.

दुसरी वाट दुरूनची आहे. दुसऱ्या कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर आयक्लाउड डॉट कॉम उघडून, 'फाइंड' विभागात टॅबचे नाव निवडून, तेथून तो पुसण्याचा आदेश देता येतो. टॅब इंटरनेटला जोडला गेला की आदेश अमलात येतो. 'फाइंड माय' ही हरवलेले उपकरण शोधण्याची सोय आधी चालू असली तरच हे शक्य आहे.

तिसरी वाट संगणकाची. जुन्या आयपॅडला, आणि माझ्यासारखा रीस्टार्ट केलेल्यांच्या आयपॅडला, हीच उरते. मॅकोएस कॅटालिनापासून पुढच्या मॅकवर फाइंडर वापरतात, विंडोज संगणकावर ॲपल डिव्हायसेस हे ॲप किंवा आयट्यून्स घ्यावे लागते. केबल संगणकाला लावून ठेवावी, पण टॅबला अजून लावू नये. आधी आयपॅड पूर्ण बंद करावा: होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरचे बटण आणि आवाजाचे एक बटण एकत्र धरून ठेवले की बंद करण्याची पट्टी येते, होम बटण असलेल्यावर फक्त वरचे बटण धरावे. बंद झाल्यावर मिनिटभर थांबावे. मग होम बटण नसलेल्या आयपॅडचे वरचे बटण, किंवा होम बटण असलेल्याचे होम बटण, दाबून धरावे आणि धरलेलेच ठेवून लगेच केबल जोडावी. ॲपलचे चिन्ह आले तरी बटण सोडू नये. बहुतेकांचा हात तेथेच सुटतो आणि नेहमीचा लॉक स्क्रीन समोर येतो, मग पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर संगणक आणि केबलचे चित्र दिसले की बटण सोडावे.

संगणकावर 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. पासकोड विसरल्यावर 'रिस्टोअर' निवडावे लागते. त्यानंतर संगणक आयपॅडची प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घेतो, आणि ते काही गिगाबाइटचे काम असते. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयपॅड त्या चित्रातून आपोआप बाहेर पडतो. असे झाले तर काही बिघडले असे समजू नये. डाउनलोड पूर्ण होऊ द्यावे आणि बटण धरण्याची क्रिया पुन्हा करावी. मुलुंडला आम्ही फोनच्या हॉटस्पॉटवर हे करत होतो, म्हणून तीनदा करावी लागली.

पुसून झाले म्हणजे संपले असे नाही. आयपॅड सुरू होताना आधीच्या मालकाचे ॲपल अकाउंट आणि पासवर्ड मागतो. याला ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात. चोरलेला आयपॅड पुसून विकता येऊ नये म्हणून २०१३ पासून ही सोय आहे. म्हणूनच टॅब पुसण्यापूर्वीच खात्याचा पासवर्ड चालतो आहे ना, हे दुसऱ्या उपकरणावर तपासावे. पासवर्डही विसरला असेल तर त्याच खात्याच्या आयफोनवर सेटिंग्जमधून, फोनचा पासकोड देऊन, तो बदलता येतो. तसा फोन नसेल तर नातेवाइकाच्या आयफोनवरील ॲपल सपोर्ट ॲपमधून दुसऱ्याला मदत करण्याच्या पर्यायाने किंवा आयफरगॉट डॉट ॲपल डॉट कॉम येथे प्रयत्न करावा. खरी अडचण येते ती खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असल्यास. रिचार्ज न केलेला क्रमांक बंद होतो आणि भारतात किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. अशा वेळी ॲपलची खाते-पुनर्प्राप्तीची लांब प्रक्रिया उरते, तिला काही दिवस लागतात, आणि मध्येच फोन करून ती लवकर होत नाही.

खाते कोणत्याही रीतीने परत मिळत नसेल, पण खरेदीचे मूळ बिल हाती असेल, तर ॲक्टिव्हेशन लॉक काढण्याची विनंती थेट ॲपलकडे करता येते. बिलावर अनुक्रमांक असावा. तो आयपॅडच्या मागे बारीक अक्षरांत आणि खोक्यावरही छापलेला असतो. प्रत्यक्ष भेटून बोलायचे असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड ड्राइव्ह येथे एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेले ॲपलचे स्वतःचे दुकान आहे. आधी वेळ घेऊन जावे. खोके जपून ठेवण्याच्या मध्यमवर्गीय सवयीची आपण उगाच चेष्टा करतो.

अँड्रॉइड टॅब असेल तर

येथे बनावटीनुसार बटणे बदलतात, तत्त्व बदलत नाही. कपाटात पडलेला, अँड्रॉइड ४.४ किंवा त्याआधीचा टॅब असेल तर अनेक चुकांनंतर 'फरगॉट पॅटर्न' येते आणि गूगल खात्याने तो उघडतो. नव्या टॅबवर ही सोय नाही. सॅमसंगच्या टॅबवर सॅमसंग खाते आधीच जोडलेले असेल आणि 'रिमोट अनलॉक' चालू ठेवलेले असेल, तर स्मार्टथिंग्ज फाइंड या संकेतस्थळावर त्या खात्याने जाऊन 'अनलॉक' पर्याय मिळतो का ते सर्वांत आधी पाहावे, कारण मजकूर न पुसता कुलूप काढणारी ही दुर्मीळ वाट आहे.

तसे नसेल तर गूगलच्या 'फाइंड हब' मधून, म्हणजे २०२५ पर्यंत 'फाइंड माय डिव्हाइस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेतून, दुरून टॅब पुसता येतो. टॅब चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. नाहीतर रिकव्हरी मेनूतून, म्हणजे टॅब बंद असताना बटणे धरून उघडणाऱ्या यादीतून, फॅक्टरी रीसेट करावे लागते, ज्याला दुकानदार 'फॉरमॅट मारणे' म्हणतात.

त्याआधी मेमरी कार्ड काढून घ्यावे. छायाचित्रे कार्डवर साठवली असतील आणि कार्ड सांकेतिक केलेले नसेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये घालताच सगळे दिसू लागते, आणि कित्येकांची निम्मी चिंता तेथेच मिटते. मग टॅब बंद करून पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र धरावे. सॅमसंगच्या अँड्रॉइड ११ किंवा त्यानंतरच्या टॅबला या वेळी केबलने संगणक जोडलेला असावा लागतो, अन्यथा मेनू येतच नाही. हे न कळल्यामुळे बटणे खराब झाली असे समजून टॅब दुरुस्तीला दिलेले लोक मी पाहिले आहेत. बंद करण्यासाठीही टॅब पिन मागत असेल तर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण धरून तो सक्तीने रीस्टार्ट करावा आणि पडदा काळा होताच बोट आवाज वाढवण्याच्या बटणावर न्यावे. 'नो कमांड' असे शब्द आणि आडवा पडलेला रोबोट दिसला तर पॉवर धरून आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबावे, मेनू उघडतो. त्यात आवाजाच्या बटणांनी खाली-वर जाऊन 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' निवडावे.

अँड्रॉइड ५.१ पासून येथेही पुढे एक पहारेकरी आहे. रिकव्हरीतून पुसलेला टॅब सुरू होताना आधीच्याच गूगल खात्याची ओळख मागतो. बाजारात याला एफआरपी लॉक म्हणतात. टॅब घेताना दुकानातल्या मुलाने घाईत काढून दिलेले गूगल खाते कोणते, हे कोणालाच ठाऊक नसणे, ही माझ्याकडे येणाऱ्या टॅबची सर्वांत सामान्य व्यथा आहे. जुने ईमेल, प्ले स्टोअरच्या पावत्या, मुलांच्या फोनमधले संपर्क असे शोधत गेले की पत्ता बहुधा सापडतो. पासवर्ड परत मिळवताना गूगल नेहमीची जागा आणि नेहमीचे यंत्र पाहते, म्हणून हा प्रयत्न ऑफिसातून किंवा सायबर कॅफेतून न करता घरच्या वायफायवरून, ज्या फोनवर किंवा संगणकावर ते खाते पूर्वी वापरले असेल त्यावरूनच करावा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फॅक्टरी रीसेट करण्याआधी २४ तास थांबावे, असे गूगलच सांगते.

अँड्रॉइडबद्दलची एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. नवव्या आवृत्तीपासून ॲपमधील माहितीचा गूगल बॅकअप टॅबच्याच पिनने किंवा पॅटर्नने बंद केलेला असतो, आणि तो परत आणताना जुना पिन विचारला जातो. पिन विसरला असेल तर तो भाग गेला असे समजावे. गूगल फोटोजमधील छायाचित्रे, संपर्क आणि ईमेल यांना हा नियम लागत नाही.

टॅब आपल्या नावाचा नसेल तर

शाळेने, क्लासने किंवा कंपनीने दिलेल्या टॅबवर यातले काहीही करू नये. महापालिकेच्या शाळांत २०१५ पासून आठवीच्या मुलांना टॅब दिले गेले, खासगी क्लासेसही देतात. असे टॅब बहुधा संस्थेच्या नियंत्रणाखाली असतात आणि टॅब इंटरनेटवर असेल तर तेथील तंत्रज्ञ पासकोड दुरूनच, मजकूर न पुसता काढू शकतो. वर्गशिक्षकांना एक फोन पुरतो. मुलांच्या टॅबवर वेळ संपल्याचे जे कुलूप लागते तेही वेगळेच असते; ते स्क्रीन टाइमचे किंवा फॅमिली लिंकचे असून पालकाच्या फोनवरून उघडते.

सेकंडहँड घेतलेला टॅब जुन्या मालकाचे खाते मागत असेल तर विकणाऱ्यालाच गाठावे. आयपॅड असेल तर तो आपल्या घरी बसून, आयक्लाउड डॉट कॉमवरून, ते उपकरण खात्यातून काढू शकतो. टॅब त्याच्या हातात असण्याची गरज नाही. विकणारा टाळाटाळ करू लागला तर टॅब परत देऊन पैसे मागावेत.

घरातले माणूस गेल्यानंतर मागे राहिलेल्या टॅबचा प्रश्नही येतो, आणि तो विचारताना लोक संकोचतात. आयपॅड असेल आणि त्या व्यक्तीने हयातीत ॲपल खात्यावर 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे खाते पाहणारा, म्हणून कोणाला नेमले असेल, तर तेव्हा मिळालेली प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला देऊन आयक्लाउडमधील माहिती मिळवता येते आणि ॲक्टिव्हेशन लॉकही निघतो. टॅबचा पासकोड मात्र ॲपलही सांगू शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. टॅब पुसूनच वापरावा लागतो.

दुकानात नेण्यापूर्वी

लॅमिंग्टन रोड म्हणून ओळखला जाणारा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग किंवा मनीष मार्केट येथे टॅब नेला तर दुकानदार काय करतो? वर सांगितलेलेच, म्हणजे रिकव्हरीतून पुसणे. संगणक आणि केबल नसलेल्या माणसाने त्यासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे, खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून न देता स्वतः टाकावा, आणि दुकानदाराने बिल मागितले तर राग मानू नये; बिल विचारणारे दुकान त्यातल्या त्यात बरे. 'डेटा न घालवता लॉक तोडून देतो' असे कोणी म्हणाले तर किल्ली कशी तयार होते ते आठवावे आणि टॅब पिशवीत घालावा. तीच जाहिरात करणाऱ्या संगणकीय प्रोग्रामांचेही तसेच, पैसे भरल्यावर ते फॅक्टरी रीसेटच करतात. एफआरपी किंवा आयक्लाउड लॉकला वळसा घालून दिलेला टॅब पुढच्या अपडेटनंतर किंवा रीसेटनंतर पुन्हा अडकू शकतो, आणि तोवर दुकानदार आपल्याला ओळखेलच असे नाही.

कस्टमर केअरचा क्रमांक गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नये. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यावरूनच घ्यावा. फोनवरच्या माणसाने स्क्रीन शेअर करणारे ॲप घ्यायला सांगितले किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

टॅब पुन्हा हाती आल्यावर

नवा पासकोड ठेवल्यानंतर पहिले तीन दिवस बोटाचा ठसा नोंदवूच नये, म्हणजे दर वेळी अंक हाताने टाकावे लागतात आणि बोटाला वळण लागते. पासकोड बदलला असेल तर जुन्याने परत येण्याची ७२ तासांची मुदतही तेवढीच असते, तेव्हा विसरायचेच असेल तर त्या तीन दिवसांत विसरलेले बरे. याच काळात खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक सध्याचाच आहे ना, ते पाहावे आणि मुलाचा किंवा मुलीचा क्रमांकही जोडावा. आयक्लाउडची मोफत जागा पाच गिगाबाइटच असते आणि ती भरली की बॅकअप थांबतो, तेव्हा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे तेही सेटिंग्जमध्ये उघडून वाचावे.

अंक कागदावर लिहू नयेत असे तज्ज्ञ सांगतात, आणि टॅबच्याच कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवणाऱ्यांसाठी ते खरे आहे. घरातच राहणाऱ्या टॅबचा कोड रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवण्यास मात्र माझी हरकत नाही. काकूंनी आपला नवा सहा अंकी कोड दुधाच्या हिशोबाच्या वहीत, तीन दिवसांच्या रकमा म्हणून लिहून ठेवला आहे, आणि ते कोणते तीन दिवस हे नातवाला सांगितलेले नाही.